रॅम कमी पडते आहे हे ठरवायचे कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या संगणकाचा वेग वाढवण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला, कारण त्यातला पहिलाच सल्ला, म्हणजे 'रॅम दुप्पट करा', हा मला गेल्या बावीस वर्षांत जितक्या वेळा मिळाला आहे तितक्या वेळा दुसरा कोणताही मिळालेला नाही. बार्शीत माझे अक्षरजुळणीचे आणि फ्लेक्स डिझाइनचे लहानसे दुकान आहे. दुकानात तीन डेस्कटॉप आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वयांचे, आणि त्या प्रत्येकाच्या बाबतीत रॅम वाढवावी की नाही हा प्रश्न मला कधी ना कधी पडला. तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. लेखातला सल्ला चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. रॅम खरोखर तोकडी पडत असेल, तर ती वाढवण्याला दुसरा पर्याय नाही. मात्र ती तोकडी पडते आहे की नाही हे आपल्या घरी बसून कसे पाहावे, याबद्दल लेखात एक ओळही नव्हती, आणि सगळी मेख तिथेच आहे.

माझे वडील खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात कंपोझिटर (अक्षरे जुळवणारे) होते. मराठी जुळणीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागत. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे असा सगळा पसारा त्यांच्यासमोर मांडलेला असे, आणि हवा तो खिळा हाताशी असला की त्यांचा हात सपासप चाले. एखाद्या लग्नपत्रिकेला वेगळा टाइप लागला, की मात्र समोरची केस, म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी, उचलून मागच्या खोलीत ठेवायची आणि तिथली दुसरी घेऊन यायची, अशी फेरी पडे, कारण स्टँडवर जागा मोजकीच होती. संगणकाची रॅम म्हणजे ही स्टँडवरची जागा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची खोली. काम चालू असताना लागणारे सगळे रॅममध्ये मावले नाही, की विंडोज त्यातले काही उचलून डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि गरज पडली की परत आणते. आपण ज्याला 'मशीन हँग झाले' म्हणतो, ती पुष्कळदा ही फेरी असते. स्टँड मोठा केला की फेऱ्या कमी होतात, हे उघड आहे. पण ज्या छापखान्यात दिवसभर एकाच टाइपात जुळणी चालते, तिथे स्टँड दुप्पट लांबीचा केला म्हणून कंपोझिटरचा हात काही अधिक वेगाने चालणार नाही. आणि मागच्या खोलीचे दारच अडकत असेल, तर सकाळी पहिली केस बाहेर काढायलाच उशीर होणार, मग स्टँड केवढाही असो.

ही फेरी किती महाग पडते, हे आकड्यांत पाहिले म्हणजे डोळे उघडतात. रॅममधली माहिती प्रोसेसरच्या हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई योग्य जागी सरकायला आणि तबकडी फिरून हवा तो भाग सुईखाली यायला मिळून बारा-तेरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सव्वा लाख पट वेळ. रॅमला एक सेकंद लागतो असे धरले, तर त्याच हिशेबाने हार्ड डिस्कला जवळजवळ दीड दिवस लागेल आणि एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, पंधरा-वीस मिनिटे. संगणक मंद का होतो आणि कोणत्या दुखण्यावर कोणते औषध चालते, याचे निम्मे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

आता माझी चूक सांगतो. टायपिंगचे मशीन २०१९ साली घेतलेले, आठव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. २०२३ च्या सुमारास ते सकाळी चालू केल्यावर चार-पाच मिनिटे नुसते घुमत बसू लागले. फॉन्टचे सॉफ्टवेअर उघडायला वेळ, पाने मांडायचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर उघडायला वेळ, आणि तोवर समोर ग्राहक हातात मजकुराचे कागद घेऊन उभा. नेहमीच्या दुकानात गेलो, तर तिथल्या मुलाने मशीन न पाहताच सांगितले, "काका, आठमध्ये आता काय होतंय? सोळा करून टाका." सोळाशे रुपयांची ८ जीबीची स्टिक त्याने पाच मिनिटांत बसवून दिली. त्या संध्याकाळी मशीन खरेच चपळ वाटले, आणि मी चार जणांना तसे सांगितलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच चार मिनिटे. आदल्या संध्याकाळची चपळाई नव्या रॅमची नव्हती. कितीतरी दिवसांनी मशीन पूर्ण बंद होऊन नव्याने चालू झाले होते, तिची होती.

पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टचा अहवाल छापून घ्यायला आलेल्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने माझी कुरकुर ऐकली आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला. मेमरी एकतीस टक्के. डिस्क शंभर टक्के. कॅबिनेटवरचा तांबडा दिवा न लुकलुकता अखंड पेटलेला होता, तो मी रोज पाहत होतो आणि त्याचा अर्थ मला कधी उमगला नव्हता. रॅमला काहीच कमी नव्हते, आधीच्या आठमध्येही नसावे. मागच्या खोलीचे दार अडकलेले होते. २४० जीबीची एक एसएसडी सतराशे रुपयांना आणून विंडोज तिच्यावर नेले, तेव्हा चार मिनिटांचे काम पंचवीस सेकंदांवर आले. नवी रॅम मात्र तिथेच राहिली, नव्या घोंगडीसारखी घडी न मोडता.

दुकानातल्या मुलाने मला फसवले असे मी म्हणणार नाही. रॅम बसवायला पाच मिनिटे लागतात, तीत ग्राहकाची एकही फाइल इकडची तिकडे होत नाही आणि काही बिघडण्याची भीती नसते. डिस्क बदलायची म्हटले की विंडोज हलवा, फॉन्ट पुन्हा चढवा, 'माझे फोटो कुठे गेले' याला उत्तर द्या, असा अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना तोंडातून कोणता सल्ला आधी बाहेर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून काउंटरवर जाण्यापूर्वी आकडे आपल्याच हाती असलेले बरे.

दुसऱ्या मशीनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यावर फ्लेक्सची कामे होतात, आणि त्याला एसएसडी पहिल्यापासून होती. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याचा एक मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस लहान फोटो, असा प्रघात आहे. एकाचा जरी राहिला तरी रात्री अकराला फोन येतो. वीस फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ बिंदू या हिशेबाने घेतला, तर २४० इंच गुणिले ७२ म्हणजे १७,२८० आणि १२० इंच गुणिले ७२ म्हणजे ८,६४० असे मिळून जवळपास पंधरा कोटी बिंदू होतात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात, म्हणजे फोटोशॉप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधला, संपूर्ण फ्लेक्सभर पसरलेला एकच थर (लेयर) साठ कोटी बाइटांच्या घरात जातो. पार्श्वभूमीचा एक थर, तिच्यावर सोनेरी छटेचा एक, त्याच्यावर सावलीचा एक, इतक्यातच पावणेदोन जीबी भरली. शिवाय 'मागे घ्या' म्हटल्यावर मागे जाता यावे म्हणून फोटोशॉप आधीच्या अवस्थाही जपून ठेवतो. ८ जीबीच्या मशीनमध्ये विंडोज, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप यांनी आपापला वाटा उचलल्यावर उरलेल्या जागेत हे मावणार कुठून? मग फोटोशॉप डिस्कवर स्वतःची तात्पुरती फाइल काढतो आणि थर नुसता इंचभर सरकवायचा तरी मोजायला बसावे लागते. तुलनेसाठी सांगतो, ए४ आकाराचे, इंचाला ३०० बिंदूंचे हँडबिल याच हिशेबाने एका थराला जेमतेम ३५ एमबी घेते. दोन्ही कामे 'डिझाइन'च म्हणवतात, दोन्ही त्याच खुर्चीत बसून होतात, पण एकाला १६ जीबी कमीत कमी हवी आणि दुसरे ४ जीबीतही निभावून जाईल.

त्या मशीनला मी दुसरी ८ जीबीची स्टिक घातली आणि फरक त्याच दिवशी कामात दिसला. सावली टाकून परत काढायला आधी जिथे चहाचा घोट घेऊन होत असे, तिथे हात माउसवरून उचलावा लागेनासा झाला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पहिल्या मशीनचा किस्सा ऐकून 'रॅम वाढवणे म्हणजे पैसे पाण्यात' असे कोणी समजू नये.

तर मोजायचे कसे? टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' या भागात 'मेमरी' निवडली की आलेख दिसतो आणि त्याखाली आकडे. बहुतेक लोक वरचा टक्का पाहून घाबरतात, आणि तो टक्काच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. विंडोज मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही. अलीकडे वापरलेल्या फाइली तिच्यात जपून ठेवते, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावे लागत नाही, आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ती जपणूक क्षणात सोडून देते. 'कॅश्ड' म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. त्यामुळे रॅम भरलेली दिसणे हा आजार नव्हे. 'अव्हेलेबल' हा आकडा कामाच्या ऐन गर्दीत पाचसातशे एमबीच्या खाली जाऊन तिथेच राहतो का, ते पाहावे. 'कमिटेड'पुढे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली जागा आणि दुसरा म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची राखीव फाइल मिळून असलेली एकूण मर्यादा. पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे जाऊन तासन्‌तास तिथे थांबत असेल, तर संशयाला जागा आहे. आणि संशय फेडायचा असेल तर 'रिसोर्स मॉनिटर' उघडून मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' पाहावे. मागच्या खोलीत किती फेऱ्या पडल्या, याची ती नोंद आहे. नवा प्रोग्रॅम उघडताना तो आकडा उसळी घेतो, त्याचे काही नाही. सगळे उघडून झालेले असताना, नुसते एका खिडकीतून दुसरीत जाताना तो शेकड्यांत खेळत असेल, तर रॅम कमी पडते आहे असे बेलाशक समजावे.

एकदा पाहून मात्र ठरवू नये. मी वहीत सहा दिवस, दिवसातून तीनदा हे आकडे लिहितो, आणि त्यातली एक नोंद ऐन कामाच्या गर्दीतलीच असली पाहिजे, कारण रविवारी दुपारी शांतपणे उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये कोणतेही मशीन शहाण्यासारखेच वागते. याच नोंदींमुळे कधी कधी रॅम न घेताही दुखणे जाते. आमच्या ब्राउझरमध्ये ग्राहकांनी पाठवलेल्या ड्राइव्हच्या लिंका उघडून तशाच सोडलेल्या असत. क्रोममध्ये जवळजवळ प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रोग्रॅमसारखा चालतो आणि स्वतःची जागा धरून बसतो, हे कळल्यावर संध्याकाळी ते झाडून बंद करायची सवय लावली. 'रॅम साफ करणारे' म्हणून जे मोफत प्रोग्रॅम मिळतात त्यांच्या नादी मात्र लागू नये. ते रॅममधले सामान दटावून डिस्कवर ढकलतात, टक्का खाली आलेला दाखवतात, आणि पुढच्याच क्लिकला तेच सामान परत आणायला मशीन पुन्हा घुमू लागते.

मोजणी झाली आणि रॅम कमी पडते हे सिद्ध झाले, तरी लगेच बाजार गाठू नये, कारण काही मर्यादा अशा असतात की त्यांच्यापुढे पैसा चालत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही, आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांच्या पत्त्यांत जाऊन हाती सव्वातीन-साडेतीन जीबी उरते. विंडोज ६४ बिटची असली तरी ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमला ती सर्वसाधारणपणे २ जीबीच्या वर जागा देत नाही. आमच्या व्यवसायातले पुष्कळ जण अजून पेजमेकरवर काम करतात, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्या मशीनमध्ये ३२ जीबी घातली तरी पेजमेकर आपल्या ताटाबाहेर हात घालणार नाही. रॅम ज्यावर बसते त्या मदरबोर्डलाही आपली मर्यादा असते, आणि ती त्यावरच्या चिपसेटवरून, म्हणजे मुख्य चिपवरून, ठरते. एच६१ चिपसेटचे बोर्ड १६ जीबीपर्यंत जातात, एच११० चे ३२ जीबीपर्यंत, आणि दोन्हींत स्लॉट बहुधा दोनच. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत; प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि विजेचा दाबही वेगळा, अनुक्रमे दीड, एक पूर्णांक दोन आणि एक पूर्णांक एक व्होल्ट. किती स्लॉट भरलेले आहेत आणि रॅमचा वेग किती, हे त्याच टास्क मॅनेजरच्या पानावर खाली लिहिलेले असते. तेवढे मोबाइलवर टिपून नेले, तरी बाजारातली एक चक्कर वाचते. जुनी ४ आणि नवी ८ अशी जोडी चालते. फक्त दोन्ही मिळून त्यांतल्या मंद स्टिकच्या वेगाने धावतात. ज्या मशीनला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे एकाऐवजी दोन स्टिक असण्याचा थोडा जास्त फायदा होतो, कारण चित्र काढण्याचे कामही त्याच रॅममधून चालते.

आता भावाविषयी. मी २०२३ मध्ये सोळाशेला घेतलेली स्टिक आज त्या भावात मिळत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात भाव असे चढले की काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या कारखान्यांत तयार होते, आणि त्यांची उत्पादनक्षमता आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळली आहे. तिथे लागणाऱ्या थरावर थर रचलेल्या मेमरीला, तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉनच्या चकत्या लागतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' या नावाने किरकोळ ग्राहकांसाठी चालणारा आपला व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. 'कशाला विचार करायचा, टाकून देऊ' असे म्हणण्याचे दिवस गेले, एवढाच आम्हा लहान दुकानदारांपुरता याचा अर्थ.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. असा लेख पुन्हा छापाल तेव्हा आकडे कसे वाचायचे याची एक चौकट त्यात अवश्य द्यावी, टास्क मॅनेजरच्या चित्रासह. आणि रॅम विकणाऱ्या दुकानदारांनी बिलावर नुसते 'रॅम ८ जीबी' असे न लिहिता प्रकार, वेग आणि स्टिकवरचा क्रमांक लिहावा, एवढा आग्रह ग्राहकांनी धरावा. अशा एका बिलाचा मला कसा उपयोग झाला ते पुढे येईलच.

तिसरे मशीन २०१७ चे. सातव्या पिढीचा आय३, एच११० चा बोर्ड, ४ जीबीची एकच स्टिक आणि मागाहून बसवलेली एसएसडी. त्यावर माझी पत्नी बिले करते, ग्राहकांचे ईमेल पाहते आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर उतरवून घेते. तिने आठवडाभर 'हे पुन्हा अडकले' म्हटल्यावर मी वही काढली. दुपारी एकला 'अव्हेलेबल' साडेतीनशे एमबी, 'कमिटेड' ६.८ जीबी, आणि बिलाच्या खिडकीतून ईमेलकडे जाताना हार्ड फॉल्ट्स तीनशे, चारशे. सहाही दिवस थोड्याफार फरकाने हेच. माझ्याच कसोटीने निकाल स्पष्ट होता, इथे रॅम खरोखर कमी पडत होती.

तरीही मी महिनाभर अडून बसलो, कारण प्रश्न आता केवळ रॅमचा नव्हता. त्या मशीनवर विंडोज १० आहे आणि तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जास्तीच्या एका वर्षाची सुरक्षा-अद्यतने आम्ही नोंदवून घेतली आहेत, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. विंडोज ११ ला रॅम ४ जीबीच पुरते असे कागदोपत्री असले, तरी प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा आय३ एका पायरीने चुकला. म्हणजे या मशीनमध्ये रॅम कितीही घाला, ते विंडोज ११ च्या यादीत येणार नाही. उद्या नवे मशीन घेतले तर ते बहुधा डीडीआर५ चे असेल, आणि आज घेतलेली डीडीआर४ ची स्टिक त्यात बसणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चढवून ईमेल आणि युनिकोडमधली मराठी यांच्यापुरते ते आणखी काही वर्षे वापरता येईल, पण आमच्या जुन्या फॉन्टचे आणि बिलांचे सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाही. थोडक्यात, वर्षभराची सोबत उरलेल्या मशीनवर दुपटीने महाग झालेली रॅम घालायची का, असा हा तिढा होता, आणि टास्क मॅनेजरच्या कोणत्याही पानावर त्याचे उत्तर नव्हते.

ते पत्नीच्या फाइलमध्ये होते. ती जुनी बिले टाकत नाही. रॅमचा भाव काय चालला आहे ते मी तिला सांगत होतो, तेव्हा तिने २०२३ चे बिल काढून समोर ठेवले आणि विचारले, "ही टायपिंगच्या मशीनला टाकली होती ना, ती तिथे काय करते आहे?" बिलावर डीडीआर४ आणि वेग, दोन्ही लिहिलेले होते. टायपिंगच्या मशीनचे आकडे मी त्या आठवड्यात घेतले. गर्दीच्या वेळीही पाच जीबीच्या पुढे ते जात नव्हते. घोंगडीची घडी तीन वर्षे मोडलीच नव्हती.

रात्री दुकान बंद झाल्यावर दोन्ही कॅबिनेट टेबलावर घेतली. वायर काढली, पॉवरचे बटण दोन-तीनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि टायपिंगच्या मशीनमधली स्टिक दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढली. पत्नीच्या मशीनमधला दुसरा स्लॉट धुळीने भरला होता, तो ब्रशने झाडला. स्टिक खाच पाहून दाबली, खिट्ट्या टक् करून मिटल्या, चालू केले तर पडदा काळा आणि आतून लांब बीप. या आवाजाने नवखा माणूस घाबरतो. जुनी ४ जीबीची स्टिक काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवला, रबराचा चुरा फुंकला आणि दोन्ही पुन्हा बसवल्या. यावेळी मशीन निमूट चालू झाले आणि १२ जीबी दाखवू लागले.

त्यानंतरच्या सहा दिवसांच्या नोंदींत दुपारी एकला 'अव्हेलेबल' सहा जीबीच्या आसपास आहे आणि हार्ड फॉल्ट्स बहुतेक वेळ शून्य. टायपिंगचे मशीन ८ जीबीवर परत आले, हे त्यावर टायपिंग करणाऱ्या मुलीला मी सांगितल्यावरच कळले. ऑक्टोबरनंतर पत्नीच्या मशीनचे इंटरनेट काढून ते फक्त बिलांसाठी ठेवायचे, असे सध्या ठरले आहे. २०२३ चे बिल पुन्हा फाइलमध्ये गेले असून त्याच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने 'मशीन क्र. ३' असे लिहून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक अक्षरजुळणी व्यावसायिक, बार्शी